काटा पाववर, टाकी कोरडी

मामांचा निकाल रस्त्यावरच लागला होता: पंपवाल्याने गंडवलं. जळगावहून अमळनेरला लग्नाला निघालेली गाडी धरणगाव सोडल्यावर दोन आचके देऊन बंद पडली, आणि काटा मात्र पाव टाकी दाखवत होता. मे महिना, दुपारचा दीड, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं आणि सावलीला एकच बाभूळ. मामी आहेराची पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या. एका मोटारसायकलवाल्याने कॅनमधून दोन लिटर पेट्रोल आणून दिलं, ते ओतलं, आणि गाडी किल्ली फिरवताच चालू झाली. अक्षता हुकल्या. वरण-बट्टी तेवढी मिळाली.

पंपवाल्याचा गुन्हा मला काही पटेना. पंपाने पेट्रोल कमी भरलं असतं तर काटाही तेवढाच खाली दिसला असता. काट्याला पावती वाचता येत नाही. टाकीत जे आहे ते त्याने सांगायचं, बस. टाकी कोरडी असताना तो पाव सांगत होता, म्हणजे खोटं गाडीतच कुठेतरी शिजत होतं. कुठे, ते कसं शोधायचं, त्याचीच ही हकिगत.

आधी एक समजूत काढून टाकू. गाडीतला काटा पेट्रोल मोजत नाही. तो करंट मोजतो. टाकीत एक फ्लोट असतो, फ्लशच्या टाकीत तरंगतो तसा. त्याला एक बारीक दांडी. त्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला पंख्याच्या जुन्या गोल रेग्युलेटरचा धाकटा भाऊ बसवलेला असतो: एक पट्टी, तिच्यावर घासत सरकणारी धातूची जीभ. पेट्रोल वर-खाली झालं की फ्लोट हलतो, दांडी फिरते, जीभ पट्टीवर सरकते आणि करंटच्या वाटेतला अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, बदलतो. या सगळ्या जुडग्याला गॅरेजमध्ये फ्लोट युनिट किंवा टंकी युनिट म्हणतात. तिथून एक वायर डॅशबोर्डवरच्या मीटरकडे जाते आणि दुसरी गाडीच्या बॉडीला, म्हणजे अर्थला. एवढाच संसार. बिघाड असणार तो या चार ठिकाणी: मीटर, वायर, अर्थ, फ्लोट युनिट. पाचवं ठिकाण आहे, पण ते आम्हालाही शेवटीच सापडलं.

किती रेझिस्टन्सला काटा कुठे उभा राहणार, हे मात्र गाडीगणिक वेगळं. जपानी पद्धतीच्या गाड्यांत साधारण टाकी भरलेली असताना ३ ओहमच्या (ओहम हे रेझिस्टन्सचं माप) आसपास आणि रिकामी असताना ११० च्या आसपास असतात. युरोपात चालणाऱ्या एका पद्धतीत उलटं आहे: रिकामी १०, भरलेली १८०. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकामी शून्य, भरलेली ९०. म्हणून भंगारबाजारातून 'दिसायला सेम' फ्लोट आणून बसवला की कधी कधी टाकी भरल्यावर काटा ई वर, म्हणजे रिकामीच्या खुणेवर, जातो आणि रिकामी झाल्यावर एफ वर, म्हणजे भरलेलीच्या. असा उलटा काटा मी एका पिकअपला पाहिलाय. मालकाला त्याची इतकी सवय झाली होती की दुरुस्तीचं नाव काढलं तर नको म्हणाला.

मामा मात्र लग्नाहून परत आल्यावर पहिल्या दिसलेल्या गॅरेजात गेले. तिथे सांगितलं, मीटर गेलं. जुन्या गाडीचं मीटर आणून बसवलं, पैसे घेतले. आठवड्याने पाहतो तर नवा काटासुद्धा बरोब्बर पाववर येऊन थांबलेला. मग आम्ही आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, "दोन्ही मीटर एकच सांगतस, मंग मीटर खोटं कसं?"

आबांची पद्धत सोपी आहे आणि ती कोणालाही जमेल. साखळी मधून तोडायची आणि खोटं कोणत्या बाजूला उरतं ते पाहायचं. तोडायची जागा म्हणजे टाकीजवळचा कपलर, वायरी जिथे एकमेकींत खोचलेल्या असतात तो जोड. बऱ्याच गाड्यांत मागची सीट उचलली की पत्र्याचं किंवा रबराचं एक झाकण दिसतं, त्याखाली तो असतो. काही गाड्यांत मात्र टाकीच खाली उतरवावी लागते. तिथे घरी हात घालू नये.

किल्ली ऑन करायची, इंजिन बंद. काटा जिथे आहे तिथे राहू द्यायचा. आता कपलर काढायचा. जपानी पद्धतीच्या गाडीत वाट तुटली की करंट शून्य, काटा हळूहळू ई वर जायला हवा. मग मीटरकडे जाणारी वायर एका छोट्या वायरने बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला टेकवायची. करंटला मोकळी वाट मिळाली, काटा एफ कडे चढायला हवा. उलट्या पद्धतीच्या गाडीत दोन्ही निकाल उलटे येतील, हे ध्यानात ठेवायचं. काटा दोन्ही टोकांना गेला तर मीटर आणि तिथपर्यंतची वायर दोन्ही ठणठणीत. दोन्ही वेळेला काटा मेल्यासारखा पडून राहिला तर फ्यूज, मीटर किंवा मधली वायर. पाच मिनिटांचं काम. मामांनी मीटरला दिलेले पैसे याच पाच मिनिटांत वाचले असते.

यात दोन पथ्यं. थेट अर्थला टेकवून ठेवायचं नाही, काटा वर निघाला की लगेच सोडायचं. जुनी मीटरं अशा मोकळ्या करंटने जळतात. मध्ये १० ओहमचा एक रेझिस्टर घातला तर जास्त बरं, काही रुपयांत मिळतो. आणि नव्या गाडीत हा खेळ करायचाच नाही. नव्या गाड्यांत टाकीचा सिग्नल आधी कॉम्प्युटरकडे जातो आणि काटा त्याच्या हुकमाने चालतो. तिथे स्कॅनर, म्हणजे त्या कॉम्प्युटरची नोंद वाचणारं यंत्र, लावला तर बिघाडाचे कोड मिळतात. पी ०४६० म्हणजे फ्युएल लेव्हलच्या सर्किटमध्ये बिघाड, पी ०४६१ म्हणजे आकडा पटण्यासारखा नाही, ०४६२ म्हणजे सिग्नल फार कमी, ०४६३ म्हणजे फार जास्त, ०४६४ म्हणजे मध्येच येतो मध्येच जातो. कोड निघाला म्हणजे फ्लोट खराब असं अजिबात नाही. कोड सर्किटचं नाव घेतो, पार्टचं नाही. स्कॅनरच्या पडद्यावरचा कोड वाचून थेट पार्टची ऑर्डर देणारे बघितले की मला मामांचं मीटर आठवतं.

कॉम्प्युटरवाल्या काट्याचा आणखी एक स्वभाव: तो मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. पेट्रोल टाकीत डचमळतं, आणि लळिंगच्या घाटात किंवा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना सगळं एका अंगाला जातं. प्रत्येक डचमळीला काटा नाचला तर ड्रायव्हर वेडा होईल. म्हणून तो बऱ्याच वेळाची सरासरी काढून हळू हलतो. इंजिन चालू ठेवून पेट्रोल भरलं आणि काटा जागचा हलला नाही, तर ते याच सुस्तीमुळे असू शकतं. किल्ली बंद-चालू करा आणि सपाट जागेवर बघा. (इंजिन चालू ठेवून पेट्रोल भरू नका, हे वेगळं सांगायला नको.)

आता अर्थ. माझ्या मते काट्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात आणि इथेच कोणी बघत नाही, कारण अर्थच्या स्क्रूला पार्ट म्हणून किंमत नाही. रावेर-यावलकडे केळीच्या बागांतल्या ओल्या मातीतून रोज जाणारी गाडी घ्या. टाकीजवळचा तो एक स्क्रू गंजतो, गंजाचा रेझिस्टन्स फ्लोटच्या रेझिस्टन्समध्ये मिसळतो. जपानी पद्धतीत त्याने काटा खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, नुसता मनस्ताप. पण रिकामीला कमी ओहम असणाऱ्या पद्धतीत तोच गंज काटा वर ढकलतो आणि रस्त्यात उभं करतो. ओळखायची सोपी खूण: पार्किंगचे दिवे लावले किंवा इंडिकेटर दिला की काटा हलतो. म्हणजे मागचे दिवे आणि फ्लोट एकाच गंजलेल्या स्क्रूवरून परतीची वाट धरतायत. मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजायच्या छोट्या यंत्राने, खात्री करायची तर तो व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन फ्लोटच्या अर्थला, किल्ली ऑन, दिवे ऑन. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याच्या वर गेलं तर स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा चमकवा, घट्ट बसवा. खर्च शून्य.

फ्यूल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदमच चुकीचे दाखवत असतील तर टाकीकडे जाऊच नका. काही जुन्या गाड्यांत दोघांना मिळून एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो गेला की जोडीने बिघडतात.

आबांनी आमच्या, जपानी पद्धतीच्या, गाडीचा कपलर काढला: काटा ई वर. वायर टेकवली: काटा एफ वर. मीटर निर्दोष, वायर निर्दोष. अर्थही स्वच्छ. आता मल्टिमीटर ओहमवर ठेवून फ्लोट युनिटच्या दोन पिनांना लावला. ओहम मोजताना कपलर सुटलेलाच हवा, चालू करंटवर ओहम मोजले तर आकडा खोटा येतो आणि मल्टिमीटरही जाऊ शकतो. टाकी त्या वेळी जवळपास कोरडी होती, म्हणजे ११० च्या आसपास यायला हवे होते. आले ६२.

मामा लगेच म्हणाले, "म्हणजे फ्लोट गेला. नवा मागवा." आबा म्हणाले, काढून तर बघू.

टाकी उघडण्याआधी जे पाळायचं ते नीट ऐका, कारण बाकी सगळ्या चुका पैशांच्या आहेत, ही जिवाची आहे. पेट्रोलची वाफ पेटायला गरम हवा लागत नाही. उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटेल इतकी वाफ ते सोडतं. मग आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशांत काय होत असेल याचा विचार करा. आणि ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, गॅरेजच्या खड्ड्यात जाऊन साचते. म्हणून आबा टाकी नेहमी सकाळी, उघड्यावर, सावलीत उघडतात. खड्ड्यावर कधीच नाही. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं. बिडी, कूलर, उघड्या बटणाचा दिवा, काही जवळ नको. इंजेक्शनवाल्या गाडीत पाइपात प्रेशर असतं, ते आधी उतरवावं लागतं. झाकणाची रिंग लोखंडी छिन्नीने ठोकायची नाही; लाकडाचा ठोकळा वापरायचा. आणि बसवताना खालचं रबर नवीन.

मामांची गाडी जुनी, फ्लोट युनिट टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपापासून वेगळं बसवलेलं, त्यामुळे ते सरळ बाहेर आलं. आबांनी ते फडक्यावर ठेवलं, मल्टिमीटरच्या पिना लावल्या आणि दांडी एका बोटाने इतकी सावकाश वर नेली की बघणाऱ्याला जांभई यावी. सावकाशीतच गंमत आहे. भरभर हलवलं तर आकडे पळतात आणि पट्टीवरची तुटलेली जागा दिसतच नाही. सावकाश नेताना आकडा गुळगुळीत घसरायला हवा: शंभर, नव्वद, सत्तर, पन्नास. मध्येच एकदम उडी मारली किंवा पडद्यावर ओएल आलं, म्हणजे वाटच तुटली, तर तिथे पट्टी झिजलीय. रोज तेवढ्याच पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत जीभ एकाच जागी घासत राहते आणि नेमकी तीच जागा जाते. दुसरा शत्रू गंधक. पेट्रोलमधल्या गंधकाने चांदीच्या संपर्कबिंदूंवर काळा थर बसतो आणि काटा अधूनमधून भलतंच दाखवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ या प्रदूषणाच्या नियमाचं इंधन आलं, गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आली, त्यामुळे हा त्रास कमी व्हायला हवा. पण आधीचा थर आपणहून जात नाही. मऊ फडक्याने हलकेच पुसायचा, पॉलिश पेपर लावलात तर पट्टीच निघेल.

मग फ्लोट. आबांनी तो कानाजवळ नेऊन हलवला. आत डुबुक आवाज आला तर भोक पडून पेट्रोल शिरलंय, असा फ्लोट बुडतो आणि भरल्या टाकीतही काटा ई सोडत नाही. पितळी फ्लोटला डाग देऊन भोक बुजवायचा मोह कोणालाही होतो. आत पेट्रोल असलेल्या पितळेला तापती कावी लावणं म्हणजे हातात फटाका धरणं आहे. नवा घ्या.

आमच्या युनिटचे आकडे असे आले: दांडी तळाला ११२, पूर्ण वर ४. मध्ये कुठे उडी नाही. फ्लोटमध्ये आवाज नाही. म्हणजे फ्लोट युनिटसुद्धा निर्दोष.

सगळे साक्षीदार खरे आणि तरी निकाल खोटा. युनिट परत टाकीत ठेवलं, पिना लावल्या: पुन्हा ६२. बाहेर ११२ पर्यंत जाणारी दांडी टाकीत ६२ लाच का थांबते? आबांनी काही न बोलता गाडीखाली हात घातला, टाकीच्या तळावरून फिरवला आणि मामांना म्हणाले, "हाई देख."

तळाला पोचा होता. ताटलीएवढा, आत गेलेला, नेमका फ्लोटच्या खाली. पेट्रोल उतरत जाई तसा फ्लोट इमानाने उतरे आणि त्या उंचवट्यावर जाऊन बसे. तिथून पुढे टाकी आजूबाजूने रिकामी होत राही आणि फ्लोट कोरड्या टेकडीवर बसून पाव टाकीची ग्वाही देई. पेट्रोल संपत आल्याचा दिवाही लागला नाही, कारण या गाडीत तो दिवा त्याच आकड्यावर चालतो. काही गाड्यांत दिव्याला टाकीच्या तळाशी वेगळा छोटा सेन्सर असतो. पेट्रोलात बुडालेला असेतो थंड राहतो, उघडा पडला की स्वतःच्याच करंटने तापतो आणि दिवा लागतो. तशा गाडीत काटा पाव आणि दिवा लाल असं भांडण दिसलं तर दिव्यावर विश्वास ठेवावा.

खूण आधीपासून समोर होती, आम्हीच वाचली नाही. काटा एफपासून पावपर्यंत नीट उतरायचा आणि मग तिथेच खिळायचा. तुटलेली वायर असं करत नाही, गंजलेला अर्थ असं करत नाही. एका ठरावीक उंचीवर थांबणारा काटा म्हणजे दांडी कशाला तरी अडतेय: वाकलीय, आतल्या पाइपाला टेकतेय, नाहीतर असा पोचा. मामांना मग आठवलं, मागच्या पावसाळ्यात शेतरस्त्याला खालून धाडकन आवाज आला होता. तेव्हा त्यांनी वाकून सायलेन्सर तेवढा पाहिला होता.

दांडी वाकवून तात्पुरतं जमवू का, असं मी विचारलं. आबांनी मान हलवली. खाली बरोबर केलं तर वर चुकेल. मामांनी दुसरी टाकी मिळवली.

पंपाचं म्हणाल तर शंका घ्यायलाही हरकत नाही, पण काट्यावरून घेऊ नका. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप ठेवावं लागतं. ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढचा नाही. आणि पुस्तकात टाकी ३५ लिटरची लिहिलीय आणि पंपावर ३७ बसलं, एवढ्यावरून भांडायला जाऊ नका. लिहिलेल्या क्षमतेच्या वर नळीत आणि वाफेसाठी सोडलेल्या जागेत आणखी पेट्रोल मावतं. तिथपर्यंत भरू मात्र नये, ऑटो-कटला थांबावं.

सीएनजीवाल्यांचा काटा हा वेगळाच प्राणी. तिथे फ्लोट नाही, सिलिंडरमधलं प्रेशर मोजतात, २०० बारला भरलेलं. उन्हात उभी राहिली की वायू तापून प्रेशर चढतं आणि दुपारी गॅस जास्त दिसतो. संध्याकाळी तो 'कमी' झाला म्हणून गळती शोधत बसू नये.

नवी टाकी बसवल्यावर आबांनी एक काम करून घेतलं, ते मात्र मी आता प्रत्येक जुन्या गाडीला सांगतो. रिकाम्या टाकीत दर वेळी ५ लिटर मोजून भरायचं, सपाट जागेवर किल्ली बंद-चालू करायची आणि काटा कुठे येतो ते कागदावर लिहायचं. टाकी चौकोनी नसते, म्हणून अर्ध्यावरचे ५ लिटर आणि पावखालचे ५ लिटर काट्याला सारखे नसतात. बऱ्याच गाड्यांत काटा एफवर निवांत बसतो आणि अर्ध्यानंतर धावत सुटतो. मामांच्या गाडीत काटा ई च्या रेघेवर टेकला की साधारण ५ लिटर उरतात. तो कागद डॅशच्या खणात आहे, मामींच्या अक्षरात. पंप मात्र मामांनी बदलला तो बदललाच.